इंजिनाचा श्वास आणि घाटाची चढण

सातारा-सांगलीकडच्या माणसाला इंजीन ही वस्तू काही नवी नाही. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, सातारा रोडला कूपरांचा कारखाना उभा राहिला, आणि ही दोन नावे आपल्या मळ्यांतून घरच्यासारखी झाली. विहिरीवरच्या ऑइल इंजिनाचा नुसता आवाज ऐकून ते दमलंय की नाही, हे सांगणारी माणसं आपल्याकडे गावोगाव होऊन गेली. आज त्याच इंजिनाविषयी, पण मोटारीतल्या, चार गोष्टी बोलायच्या आहेत.

घरात मोटार घ्यायचं ठरतं. मुलगा म्हणतो, "टर्बोची घेऊ, ती पळते." वडील म्हणतात, "साधं इंजीन बरं, ते टिकतं." दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. परंतु कर्ज पाच-सात वर्षं फेडायचं असतं आणि मोटार रोज रस्त्यावर काढायची असते. तेव्हा ऐकीव गोष्टींवर न जाता मूळ प्रकार काय आहे, तो आधी समजून घेऊ.

इंजीन पेट्रोलवर चालतं असं आपण म्हणतो. पण एक किलो पेट्रोल नीट जळायला साडेचौदा किलोच्या आसपास हवा लागते. लिटरात मोजली तर सुमारे बारा हजार लिटर! पेट्रोल हवं तेवढं सोडता येतं; खरी अडचण हवेची. साध्या इंजिनात दट्ट्या खाली आला की बाहेरची हवा आपल्याच दाबानं आत शिरते. जेवढी शिरेल तेवढीच ताकद.

आता लोहाराची भट्टी डोळ्यांपुढे आणा. भाता मारला की तोच कोळसा दुप्पट फुलतो. टर्बो म्हणजे इंजिनाचा भाता. मग हा भाता मारतं कोण? तर इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर. धुराच्या वाटेत एक लहानसं चाक असतं. ते फिरलं की त्याच आसावरचं दुसरं चाक बाहेरची हवा दाबून आत कोंबतं. ही चाकं मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतात. जे वाया जात होतं, त्यालाच कामाला लावलं, अशी ही युक्ती. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनियरानं तिचं पेटंट १९०५ साली घेतलं.

तिची कसोटी लागली ती उंचीवर. विमान वर गेलं की हवा विरळ होते आणि इंजीन धापा टाकू लागतं. म्हणून १९१८ साली अमेरिकेत पाइक्स पीक या चौदा हजार फुटांवरच्या शिखरावर विमानाचं इंजीन नेऊन टर्बो लावून पाहिला, आणि गेलेली ताकद परत मिळाली.

आपल्याकडेही हेच घडतं, जरा लहान प्रमाणात. महाबळेश्वर सुमारे १३७० मीटर उंचीवर आहे. तिथली हवा समुद्रकाठच्यापेक्षा जवळजवळ एक अष्टमांश विरळ, आणि साध्या इंजिनाची ताकद तेवढीच कमी. टर्बो ही तूट बरीचशी भरून काढतो.

आज बाजारात एक लिटरचं टर्बो इंजीन शंभर ते एकशेवीस हॉर्सपॉवर देतं, १.२ लिटरचं साधं ऐंशी-नव्वद. त्याहून मोठा फरक ओढीचा. टर्बोची पुरी ओढ दीड-दोन हजार फेऱ्यांवरच मिळते. साध्या इंजिनाला त्यासाठी चार हजारांच्या आसपास न्यावं लागतं. घरची पाच माणसं बसवून पसरणीचा घाट चढताना पुढं उसाची ट्रॉली आली, तर हा फरक कळतो. ओव्हरटेक लवकर पुरा होणं ही चैनीची बाब नव्हे, जिवाची आहे.

मग सगळ्यांनी टर्बोच घ्यावा का? थांबा. प्रत्येक भात्याची मागणी असते.

पहिली गोष्ट तेलाची. ती चाकं तेलाच्या पातळ थरावर फिरतात. तेल ठरल्या मुदतीत आणि कंपनीनं सांगितलेल्या जातीचंच बदललं पाहिजे. घाट चढून आल्यावर लगेच किल्ली फिरवू नये. मिनिटभर इंजीन संथ चालू द्यावं, नाहीतर तापलेल्या भागात तेल करपतं. दुसरी गोष्ट पल्ल्याची. रोज दोन-तीन किलोमीटर जाऊन मोटार उभी राहणार असेल, तर तेल पुरतं तापतच नाही. टर्बोचा फायदा मिळत नाही, जपणूक मात्र करावीच लागते. तिसरी गोष्ट उताराची, आणि ती फारशी कुणी सांगत नाही. इंजीन लहान, म्हणून गिअरमध्ये ते मोटारीला रोखतंही कमी. कुंभार्ली घाट उतरताना गिअर एक पायरी आणखी खाली घ्या. सगळा भार ब्रेकवर टाकू नका.

शौकिनांसाठीही एक सांगतो. पोर्शे या जर्मन कंपनीनं २०१५ साली आपल्या ९११ कॅरेरा या नावाजलेल्या मोटारीला टर्बो बसवला. पण तिच्याच कुळातल्या जीटी३ला चार लिटरचं साधं इंजीन ठेवलं. कारण पाय दाबताक्षणी साधं इंजीन उत्तर देतं. टर्बोला चाक गरगरायला क्षणभर लागतो. रोजच्या वापराच्या वेगवान मोटारीला मात्र शहराच्या गर्दीत खालच्या फेऱ्यांवरची ओढच जास्त उपयोगी पडते.

तेव्हा हिशेब असा करा. वाईहून पाचगणीला रोज जाणं-येणं आहे, लांबचा प्रवास आहे, माणसं भरून जायचं आहे, आणि सर्व्हिसिंग वेळेवर करण्याची शिस्त आहे, तर टर्बो घ्या. सांगली-मिरजेच्या सपाटीवर थोडं फिरणं आहे, मोटार दहा-बारा वर्षं वापरायची आहे, दुरुस्ती गावच्या मिस्त्रीकडेच होणार आहे, तर साधं इंजीन घ्या, आणि त्यात कमीपणा मानू नका. पैसे भरण्याआधी मोटार दुकानापुढच्या सरळ रस्त्यावर नव्हे, आपल्या रोजच्या वाटेवर, घरची माणसं बसवून चालवून पाहा.

गुरुजींना एक विनंती. उकळत्या किटलीच्या वाफेवर, जरा लांबून, कागदी भिरभिरं धरून मुलांना दाखवा. निघून जाणाऱ्या वाफेतही काम करण्याची ताकद असते, हे त्यांना दिसेल. टर्बोचा पहिला धडा तोच आहे.