झिजणे आणि झिजवणे



विजेवर वाजणाऱ्या गिटारीवर व्याख्यान आहे, हे फलकावर वाचून काहींच्या मनात आले असेल की, वसंतातल्या संध्याकाळी सांगण्याजोगे या माणसाला दुसरे काही सुचले नाही काय! शंका रास्त आहे. पण माझा खरा विषय गिटार नसून तिच्यावरची झीज हा आहे. आणि झीज कोणाच्या घरी नसते? जुन्या घराचा उंबरठा मध्यभागी खोलगट होतो, पाट्याची टाकी बुजते, देवघरातल्या पितळी बाळकृष्णाचे नाक रोजच्या स्नानाने गुळगुळीत होते. नाक झिजले म्हणून ती मूर्ती कोणी मोडीत काढीत नाही. उलट, आजीच्या हातची म्हणून तिला अधिक जपतो. आता कल्पना करा की, बाजारात कोणी कोऱ्या मूर्तीचे नाक कानशीने घासून ती विकू लागला आणि नीटस मूर्तीपेक्षा तिचे दामही जास्त सांगू लागला! आपण हसू. पण गिटारीच्या जगात हा व्यवहार गेली तीस वर्षे राजरोस चालू आहे, आणि तो करणारे लोक वेडे नाहीत. ते असे का करतात, आणि त्यात बरे काय, वाईट काय, एवढेच आज पाहायचे आहे.

प्रथम वस्तूची ओळख करून घेऊ. सतारीला भोपळा असतो, तशी या गिटारीला पोकळी लागत नाही. तिचे अंग भरीव लाकडाचे. पोलादी तारांखाली लोहचुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. तार थरथरली की वेटोळ्यात विजेचा सूक्ष्म प्रवाह उमटतो, आणि तो वाढवून कर्ण्यातून ऐकवतात. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी लिओ फेंडर यांनी १९५० च्या सुमारास अशा गिटारी कारखान्यात काढायला सुरुवात केली. त्यांची ‘स्ट्रॅटोकास्टर’ १९५४ ची. त्या काळी लाकडावर नायट्रोसेल्युलोज लॅकरचे रोगण देत. मोटारगाड्यांवरही तेच चाले. ते पातळ असते, वर्षानुवर्षे आकसते आणि पिवळे पडते. थंडीतून एकदम उबेत नेले की लाकूड आणि रोगण सारख्या प्रमाणात फुगत नाहीत, आणि पृष्ठभागावर केसासारख्या भेगांचे जाळे पडते.

वादकाच्या हाताची झीज मात्र अशी सर्वत्र पसरत नाही. तिला नकाशा असतो. उजवा हात जिथे टेकतो तिथली वरची कड उघडी पडते. पाठीमागे कमरपट्ट्याच्या बकलाचे ओरखडे उठतात. मेपलच्या फिकट पट्टीवर, जिथे बोटे पुन्हापुन्हा पडतात, तिथे रोगण जाऊन लाकूड काळवंडते. सतारीसारखे धातूचे पडदे असतात, त्यांवर तारांनी खाचा पडतात. त्याही सर्वांवर सारख्या नव्हेत, वादकाच्या लाडक्या स्वरांच्या पडद्यांवर अधिक. जाणकार माणूस असा नकाशा वाचून वादक उभा राहून वाजवीत असे की बसून, हेदेखील सांगू शकतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे आयर्लंडचे रोरी गॅलघर यांची गिटार. ती १९६१ ची स्ट्रॅटोकास्टर. १९६३ मध्ये पंधरा वर्षांच्या रोरींनी कॉर्क शहरातल्या एका दुकानातून ती जुनीच, सुमारे १०० पौंडांना, हप्त्यांवर घेतली. पुढे डब्लिनमध्ये ती चोरीस गेली आणि काही दिवसांनी उघड्यावर चरात पडलेली सापडली. त्यानंतर वर्षांमागून वर्षे, रात्रीमागून रात्र, या माणसाने घामाने निथळत ती वाजवली. रंग जाऊन बहुतेक अंगाचे उघडे लाकूड दिसू लागले. मानेच्या लाकडात इतका ओलावा मुरला की, ती मान काही काळ काढून वाळत ठेवावी लागली. रोरी १९९५ मध्ये वारले. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या लिलावात त्या गिटारीला सुमारे ८ लाख ८९ हजार पौंड मिळाले, आणि आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाला देण्यासाठी ती विकत घेतली गेली. या साऱ्या काळात रंग उडवावा असे रोरींच्या मनात एकदाही आले नसेल. त्यांचे लक्ष सुरांकडे होते. रंग आपला आपण गेला.

मग नकलेची गरज का पडली? १९६५ मध्ये फेंडर यांचा कारखाना सीबीएस या मोठ्या कंपनीने विकत घेतला. नंतरच्या मालाची घडण उतरली अशी वादकांत ओरड झाली, आणि जुन्या गिटारींना भाव चढू लागले. शिवाय १९६० च्या दशकाच्या अखेरीस पातळ लॅकर जाऊन जाड पॉलिएस्टरचा थर आला. तो काचेसारखा टिकतो. ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. असा थर दिलेली गिटार कोणी जन्मभर वाजवली, तरी रोरींच्या गिटारीसारखी ती झिजणार नाही. तेव्हा जुनी घ्यावी तर परवडत नाही, आणि परवडली तरी प्रवासात न्यायला जीव धजत नाही, अशा पेचात वादक सापडला.

१९९५ मध्ये फेंडर कंपनीच्या खास विभागाने या पेचावर उपाय काढला. ‘रेलिक’ या नावाने नव्या गिटारी मुद्दाम जुन्या करून विकायला आणल्या. हे कामही एक कसबच आहे. सँडपेपरने कडा उघड्या करायच्या, किल्ल्यांच्या जुडग्याने ओरखडे काढायचे, आम्लाच्या वाफेने निकेलचा मुलामा मंद करायचा, लाकूड थंड करून एकदम तापवायचे म्हणजे रोगणाला भेगा पडतात. एरिक क्लॅप्टन यांनी १९७० मध्ये अमेरिकेत जुन्या गिटारी घेऊन, त्यांतल्या तिघींचे भाग जुळवून ‘ब्लॅकी’ नावाची गिटार सिद्ध केली होती. २००४ मध्ये लिलावात तिला ९ लाख ५९ हजार ५०० डॉलर आले. दोनच वर्षांनी तिच्या २७५ प्रतिकृती निघाल्या, आणि क्लॅप्टन यांच्या सिगारेटने मूळ गिटारीच्या माथ्यावर जो डाग पडला होता, तोही त्यांवर हुबेहूब उमटवला गेला. जी खूण बेसावधपणाने पडली, ती २७५ वेळा अत्यंत सावधपणे पाडली गेली!

याला थेट लबाडी म्हणावे काय? मी म्हणणार नाही. एकोणिसाव्या शतकात पॅरिसचे प्रसिद्ध व्हायोलिनकार वियोम हे स्ट्रॅडिव्हेरियसच्या प्रतिकृतींवर जुनेपणाच्या खुणा करीत, आणि त्यांची वाद्ये आज मानाने वाजवली जातात. रेलिकची घासलेली मान हाताला खरोखरच सुखाची लागते. आणखी एक लाभ आहे. कोऱ्या गिटारीला पहिला ओरखडा पडतो तेव्हा मालकाचा जीव हळहळतो. त्या धास्तीपोटी पुष्कळ गिटारी पेटीतच राहतात. ओरखडे आधीच पडलेले असले की माणूस मोकळ्या मनाने वाजवतो. कारखान्याने नाव सांगून, तारीख सांगून विकले, तर तो सरळ व्यवहार आहे. तीच वस्तू चार हात फिरून ‘१९५४ ची अस्सल’ म्हणून पाचव्याच्या गळ्यात मारली जाते, तेव्हा मात्र ती फसवणूक होते. आणि फसतो तो बहुधा साठवलेल्या पैशांतून घेणारा वादक.

माझा खरा आक्षेप याहून निराळा आहे. आपल्या भाषेने ‘झिजणे’ आणि ‘झिजवणे’ अशी दोन क्रियापदे ठेवली आहेत. वस्तू झिजते तेव्हा करणाऱ्याचे लक्ष दुसरीकडे, कामाकडे असते. वस्तू झिजवतो तेव्हा लक्ष झिजेकडेच असते, आणि काम मागून येईल असे आपण धरून चालतो. ते कधी येते, कधी येत नाही. रेलिक घेऊन जो रोज चार तास वाजवील, त्याच्या कारखानी ओरखड्यांवर वीस वर्षांत त्याचे स्वतःचे ओरखडे चढतील, आणि ती गिटार त्याची होईल. पण जो ती भिंतीवर टांगून आल्यागेल्याला दाखवील, त्याने दुसऱ्याच्या श्रमाची पावती तेवढी विकत घेतली.

आणि हेही विसरू नये की, प्रेमाची खूण झीज हीच एक नव्हे. रोज वाजवून, रोज पुसून, पेटीत निजवून कोणी चाळीस वर्षे गिटार लखलखीत ठेवली असेल, तर तिची किंमत रोरींच्या गिटारीपुढे कमी मानू नका. पारखायचे असेल तर लाकूड पाहू नका. त्या माणसाला वाजवायला सांगा आणि ऐका.