स्टिअरिंगच्या तेलांतील हवा

मोटारीच्या स्टिअरिंगचा जुना पंप निकामी झाला म्हणून नवा बसविला, तेल भरलें, इंजिन सुरू केलें, आणि चक्र वळवितांच बॉनेटखालून घरघर ऐकूं आली, तर मालकाचा पहिला संशय जातो तो नव्या पंपावर. पैसे गेले व माल वाईट निघाला, अशी त्याची समजूत होते. परंतु पुष्कळ वेळां दोष पंपाचा नसतो. तेलांत अडकलेल्या हवेचा असतो. मिस्त्री लोक त्याला ‘एअर धरली’ असें म्हणतात. ही हवा न काढतां गाडी चालविली, तर चांगला पंपही थोड्याच काळांत खराब होतो.

श्रोतेहो, जड मोटार वळवितांना तेलाच्या दाबाचें साहाय्य घेण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेंत फ्रान्सिस डेव्हिस या इंजिनियरानें १९२६ सालीं तशी योजना मोटारीवर बसवून दाखविली. १९५१ सालीं क्रायस्लर कंपनीच्या इंपीरियल गाडीबरोबर ती सामान्य गिऱ्हाइकाच्या हातीं आली. आज नव्या लहान मोटारींत बहुधा विजेची मोटर हें काम करते. तरी जुन्या गाड्यांत आणि ट्रक-बसमध्यें तेलाची योजना अद्याप पुष्कळ आढळते.

तिचें कार्य समजण्यास सोपें आहे. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंप टाकींतील तेल ओढून दाबानें पुढें ढकलतो. चक्र वळविलें कीं एक झडप त्या तेलास डावी किंवा उजवी वाट मोकळी करते, आणि दट्ट्यावर पडलेला दाब चाकें वळविण्यास हात देतो. रंगपंचमीची पिचकारी पाण्यानें भरून तिच्या तोंडावर बोट घट्ट धरलें, तर दांडा तसूभरही पुढें सरकत नाहीं; तीच पिचकारी हवेनें भरलेली असेल, तर दांडा आंत जातो आणि सोडतांच मागें येतो. तेल पाण्यासारखें आहे, दबत नाहीं, हवा दबते. म्हणूनच हवा शिरलेलें चक्र कधीं हलकें तर कधीं जड लागतें व मधूनच गचके देतें. घाटांतील वळणावर असें चक्र हातीं असणें धोक्याचें होय.

आतां उपाय. मोटार सपाट जागीं उभी करून मागच्या चाकांना ठोकळे लावावे. पुढचीं चाकें जॅकनें उचलून गाडी मजबूत घोड्यांवर टेकवावी. नुसत्या जॅकवर विसंबूं नये. चाकें अधांतरीं असलीं म्हणजे चक्र हातानें सहज फिरतें. टाकींत गाडीच्या पुस्तिकेंत सांगितलेलेंच तेल घालावें. कांहीं गाड्यांस ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचें तेल चालतें, कांहींस निराळें लागतें. एकाच्या जागीं दुसरें घातल्यास रबरी सील बिघडण्याचा संभव असतो.

यानंतर इंजिन सुरू करण्याचा मोह आवरावा. इंजिन बंद ठेवूनच चक्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अगदीं सावकाश १५-२० वेळां फिरवावें. एकानें चक्र फिरवावें व दुसऱ्यानें उघड्या टाकीवर नजर ठेवावी. बुडबुडे वर येतील आणि पातळी उतरेल. ती उतरतांच भर घालावी. टाकी रिकामी पडली, तर नळी पुन्हां हवाच ओढते आणि सारे श्रम फुकट जातात.

घाईनें आधींच इंजिन सुरू केल्यास पंपाचीं वेगानें फिरणारीं पातीं तेल व हवा एकत्र घुसळतात. रवीनें ताकावर फेंस यावा तसा तेलाचा फेंस होतो. त्यांतील बारीक बुडबुडे लवकर वर येत नाहींत, आणि पुरेसें वंगण न मिळाल्यानें पातीं घासतात. असा फेंस झालाच, तर इंजिन बंद करून तेल निवळेपर्यंत थांबावें. तासभर गेला तरी हरकत नाहीं.

बुडबुडे थांबल्यावर इंजिन मंद गतीनें सुरू करावें व चक्र पुन्हां हळूहळू दोन्हीं बाजूंस न्यावें. टोकाशीं तें पांच सेकंदांहून अधिक दाबून धरूं नये; तेथें दाब कमाल होतो व तेल तापतें. इंजिन चालू असतां पट्ट्याजवळ हात किंवा सैल कपडा जाऊं देऊं नये. शेवटीं चाकें जमिनीवर टेकवून पातळी पुन्हां पाहावी.

हवा निघाल्याच्या खुणा स्पष्ट आहेत. तेल स्वच्छ दिसतें, घरघर थांबते आणि चक्र सारख्या जोरानें फिरतें. इंजिन बंद करतांच टाकींतील पातळी एकदम वर चढली, तर दबलेली हवा आंत फुगते आहे असें समजावें. पुन्हां पुन्हां हवा येत असल्यास टाकीपासून पंपाकडे जाणाऱ्या नळीची क्लिप व सील तपासावें. त्या नळींत तेल ओढलें जात असल्यानें तेथें बाहेर थेंबही न गळतां हवा आंत शिरूं शकते. एवढें पाहिल्यावांचून नवा पंप दुकानदारास परत करण्याची घाई कोणीं करूं नये.