आधी पान, मग पक्वान्न : संकेतस्थळावरील अक्षर आणि अलंकार



ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी इंदूरमधील मराठी मुलांच्या तीन पिढ्यांना शुद्ध वाचायला शिकवले. त्यांच्या नावे बोलताना मी ज्ञानेश्वरी किंवा पंडिती काव्य हा विषय घेईन, अशी आपली अपेक्षा असणार. मी मात्र संकेतस्थळाचे पान डोळ्यांसमोर लवकर कसे यावे, याविषयी बोलणार आहे. आज आपल्या मुलांची मराठीशी गाठ पडते ती पुष्कळदा फोनच्या काचेवर. तेथे अक्षर उमटण्यास उशीर झाला, तर वाचनाला आरंभच होत नाही.

आपल्या काव्यशास्त्रात अलंकार हा काव्याचा प्राण की केवळ देहभूषण, यावर शतकानुशतके वाद झाला. संकेतस्थळांच्या जगात आशय आणि अलंकार यांची वाटणी सुचवली गेली ती १९९४ साली. सर्न या संशोधनसंस्थेत काम करणारे नॉर्वेचे होकॉन विउम ली यांनी त्या वर्षी ऑक्टोबरात असा प्रस्ताव मांडला, की मजकूर एका फाइलीत असावा आणि त्याचे रंग, आकार, समास यांचे नियम दुसऱ्या फाइलीत. पुढे बर्ट बोस त्यांना येऊन मिळाले आणि डिसेंबर १९९६ मध्ये या पद्धतीला प्रमाणरूप लाभले. नियमांच्या त्या फाइलीला स्टाइलशीट म्हणतात. मी तिला शैलीपत्र म्हणेन.

या वाटणीने मोठी सोय झाली, पण एक अडचणही आली. ब्राउझर मजकूर वाचू लागतो, तेव्हा आरंभीच त्याला शैलीपत्राचा उल्लेख भेटतो. ते शैलीपत्र मागवून, पूर्ण वाचून होईपर्यंत तो पडद्यावर काहीही रेखाटत नाही. मजकूर हाती आलेला असतो, तरी पान कोरेच राहते. हा त्याचा आळस नव्हे. नियम कळण्यापूर्वी त्याने अक्षरे मांडली, तर क्षणभर ओबडधोबड पान दिसेल आणि लगेच सारी मांडणी उलटीपालटी होईल. ते टाळण्यासाठी तो थांबतो. परंतु शैलीपत्र अवजड असेल किंवा दूरच्या मंद सर्व्हरवरून येत असेल, तर वाचकही त्याच्याबरोबर ताटकळतो.

आपल्या पंगतीची रीत आठवा. पान मांडले, मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे आली, भातावर वरण आणि तूप पडले, की श्लोक म्हणून माणसे जेवू लागतात. जिलबी आणि मठ्ठा मागाहून फिरतात. जिलबीची कढई उतरेपर्यंत कोणी पंगत उपाशी बसवून ठेवत नाही. आणि पान मांडण्यापूर्वी कोणी भातही वाढत नाही.

जाणते तंत्रज्ञ हेच करतात. पडद्यावर प्रथम दिसणाऱ्या भागाला लागणारे मोजके नियम ते मजकुराच्याच फाइलीत, आरंभी लिहितात. ही झाली पानाची मांडणी. सर्व्हरकडून पहिल्या खेपेत साधारण चौदा किलोबाइट माहिती येते, म्हणून आरंभीचा मजकूर आणि हे नियम संक्षेपित रूपात तेवढ्यात बसावेत, असा प्रयत्न असतो. उरलेले मोठे शैलीपत्र मागून येते. त्यासाठी एक गमतीची युक्ती आहे. ते शैलीपत्र 'प्रिंट'साठी, म्हणजे कागदावरील छपाईसाठी आहे, असे ब्राउझरला सांगायचे. छपाई चालू नसल्यामुळे तो ते सावकाश आणतो, पण त्याच्यासाठी रेखाटन अडवत नाही. ते पोहोचले, की एक छोटी सूचना 'प्रिंट'च्या जागी 'ऑल' असा शब्द घालते आणि नियम लागू होतात. ज्याच्या ब्राउझरमध्ये अशा सूचना बंद असतील, त्याच्यासाठी शैलीपत्राचा साधा उल्लेखही वेगळा ठेवावा लागतो.

येथे तारतम्य हवे. आरंभीचे नियम अपुरे निवडले, तर मागून आलेले शैलीपत्र पानाला हिसका देते. वाचत असलेली ओळ बोटाखालून निसटते. आणि शैलीपत्र मुळातच लहान असेल, तर या खटाटोपाची गरज नाही. तेव्हा पहिले काम निरुपयोगी नियम छाटण्याचे. संपादनाचा हा धर्म आम्हां भाषेच्या लोकांना नवा नाही.

मराठीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. 'शाळा' या शब्दात काने धरून चार चिन्हे, म्हणजे बारा बाइट. इंग्रजी 'स्कूल'ची सहा अक्षरे सहा बाइटांत मावतात. संक्षेपणाने हा फरक बराच कमी होतो. परंतु जोडाक्षरांमुळे देवनागरी टंकाची फाइल सहसा रोमन टंकापेक्षा मोठी असते. टंकाची वाट पाहत ब्राउझर सुमारे तीन सेकंद अक्षरे अदृश्य ठेवू शकतो. शैलीपत्रात 'फॉन्ट-डिस्प्ले'पुढे 'स्वॅप' लिहिले, तर फोनमधील उपलब्ध टंकात मजकूर तत्काळ दिसतो आणि हवा तो टंक आल्यावर बदलतो. पानाची भाषा मराठी अशी नोंदही अवश्य करावी. टंकात सोय असेल तर तिच्यामुळे 'ल' आणि 'श' आपल्या मराठी वळणाचे उमटतात, हिंदी वळणाचे नव्हे. हिंदीच्या शेजारात नांदणाऱ्या आपल्यासारख्यांना या दोन अक्षरांचे मोल निराळे सांगायला नको.

मित्रहो, घरी मराठी बोलणारी आणि शाळेत हिंदी-इंग्रजी वाचणारी आपली मुले मराठीच्या उंबरठ्यावर उभी आहेत. मराठी पान कोरे राहिले, तर दुसऱ्या भाषेचे पान एका बोटाच्या अंतरावर आहे. ते मूल निघून जाते, आणि आपण म्हणतो, नव्या पिढीला गोडी नाही. गोडीची परीक्षा पदार्थ पानात पडल्यावर होते. आपल्या संस्थांनी, ग्रंथालयांनी, मंडळांनी आपापली संकेतस्थळे साध्या फोनवर, मंद जोडणीवर उघडून पाहावीत. फिरती चित्रे आणि झगमगाट मागून येऊ द्या. अक्षर आधी येऊ द्या.