दादीचं कार्ड कोण काढणार?

(युवा मेळाव्यातील भाषण)

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, डॉक्टर नाही. त्यामुळे आजारांबद्दल बोलणार नाही, फॉर्मबद्दल बोलेन. आपल्या घरांत उपचार अडतात ते बऱ्याचदा फॉर्मपाशीच.

मोहल्ल्यात आयुष्मान कार्डाचा विषय काढला की पहिलं उत्तर ठरलेलं असतं: "आपलं नाव यादीत नाही." हे उत्तर २०१८ सालचं आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये प्रधानमंत्री जन आरोग्य योजना सुरू झाली, तेव्हा खरंच यादी होती. २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीतून ती बनली होती. तुमचं घर त्यात असेल तर कार्ड, नसेल तर घरी जा. पण २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर आणि त्यापुढच्या वयाच्या माणसासाठी यादीची अटच राहिलेली नाही. उत्पन्नाचीही नाही. बंगल्यात राहणारे नाना आणि चाळीत राहणारी दादी दोघेही पात्र. या कार्डाला 'आयुष्मान वय वंदना' म्हणतात. कागद एकच लागतो, आधार. उत्पन्नाचा दाखला नको, रेशन कार्ड नको.

आता पैशांचं. हप्ता शून्य. वर्षाला ५ लाखांपर्यंतचे रुग्णालयातले उपचार कॅशलेस. खर्च सरकार उचलतं, बहुतेक राज्यांत केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के. विमा म्हटलं की काही बुजुर्ग जायज-नाजायजचा प्रश्न काढतात. मसला उलेमांना विचारा, पण विचारताना ही माहितीही द्या की घरातून एक रुपयाही हप्ता जात नाही, पैसा करातून येतो.

हे ५ लाख माणशी नाहीत. दादा-दादी दोघेही सत्तरीपुढचे असतील तर दोघांत मिळून ५ लाख. पण घर आधीच प्रधानमंत्री योजनेत असेल, तर घराच्या ५ लाखांशिवाय सत्तरीच्या माणसांसाठी हे ५ लाख वेगळे मिळतात. सून-नातवंडांना त्यात वाटा नाही. मात्र जुनं आयुष्मान कार्ड असलेल्या दादीचाही या जास्तीच्या कव्हरसाठी नव्याने अर्ज आणि केवायसी करावा लागतो. "दादीकडं कार्ड आहे" म्हणून लोक इथेच थांबतात.

केंद्र सरकारी पेन्शनर सीजीएचएसमध्ये असतील किंवा माजी सैनिक ईसीएचएसमध्ये, तर त्यांना दोनपैकी एक निवडावं लागतं. घाईत निवडू नका. त्या योजनांत ओपीडी आणि औषधंही मिळतात, यात नाहीत. खाजगी पॉलिसी किंवा ईएसआय असेल तर अडचण नाही, दोन्ही चालतं.

मग यात बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या? नाही. भरती न होता डॉक्टरला दाखवणं? नाही. भरतीच्या आधीचे ३ दिवस आणि घरी आल्यावरचे १५ दिवस, एवढ्याच काळातल्या तपासण्या-औषधं. डायलिसिस, केमोथेरपी यांसारखे उपचार मात्र बसतात. आजार जुना असला तरी पहिल्या दिवसापासून. खाजगी विम्यात ज्या आजारासाठी वर्षानुवर्षं थांबवतात, त्याला इथे थांबावं लागत नाही. वयस्कर माणसासाठी यातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे असं मला वाटतं.

साठ ते सत्तरमधल्यांचं काय? महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०१२ मध्ये ती राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झाली, २०१७ मध्ये नाव बदललं. आता त्यात पांढऱ्या रेशन कार्डाचीही कुटुंबं येतात, घराला ५ लाखांपर्यंत. म्हणजे ६३ वर्षांच्या अम्मीसाठी तिकडे बघा.

आता माझ्या क्षेत्राचा भाग, जुळणी. कॉम्प्युटरला 'शेख' आणि 'शैख' ही दोन माणसं वाटतात. एका कागदावर 'बी', दुसऱ्यावर 'बानो', तिसऱ्यावर नुसतं पहिलं नाव. आपल्यात कागद म्हटला की धास्ती असते, म्हणून लोक दुरुस्तीलाही जात नाहीत. पण ही योजना आधार बघते, तेव्हा आधारच नीट करायचं. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच, म्हणून कोणत्याही दुकानात बसून घाईत बदल करू नका. जन्मतारखेचा घोळ वेगळाच. आपल्याकडे निम्मी म्हातारी माणसं १ जून किंवा १ जानेवारीला जन्मलेली असतात, मास्तरांची कृपा! आजी ७३ ची आणि आधारवर ६८ ची असेल, तर योजनेसाठी ती ६८ चीच.

दुसरी अडचण ओटीपीची. आधारला जोडलेलं सिम कधीच बंद पडलेलं असतं. तिसरी बोटांची. मालेगाव-भिवंडीत मागावर किंवा विडीवर आयुष्य गेलेल्या माणसाच्या बोटांचे ठसे यंत्राला सापडत नाहीत. त्यासाठी आयुष्मान ॲपमध्ये चेहरा दाखवून पडताळणीची सोय आहे, डोळ्यांच्या बुबुळाचीही आहे. ठसा उमटला नाही म्हणून दादीला परत पाठवू देऊ नका.

रुग्णालयातलं एक नीट ऐका. ही योजना कॅशलेस आहे. आधी पैसे भरून नंतर बिल सरकारकडे पाठवायची सोय यात नाही. म्हणून योजनेतलं रुग्णालय आधी शोधायचं आणि भरतीच्या वेळी पहिल्याच काउंटरला कार्ड दाखवायचं, डिस्चार्जच्या दिवशी नाही. तिथे आरोग्यमित्र बसतो, त्याला गाठा. उपचार आपल्या योजनेत आणि त्या रुग्णालयात होतो का हे विचारा, कारण काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. "कार्ड चालतं, पण डिपॉझिट ठेवा" असं कुणी म्हणालं, तर तिथेच उभं राहून १४५५५ वर फोन लावायचा. फुले योजनेसाठी १५५३८८.

आपल्यातले बहुतेक जण अब्बांच्या फोनवर रिचार्ज करून देतात. तेवढ्याच वेळात हे ॲप उघडता येतं. आज बाहेर दोन टेबलं लावली आहेत. ज्यांनी दादा-दादीचं आधार आणि चालू नंबरचा फोन आणलाय, त्यांनी डावीकडे यावं. नाव किंवा जन्मतारखेचा घोळ असलेल्यांनी उजवीकडे, तिथे मी बसतोय.