रिलीजची तारीख

(स्नेहमिलन सोहळ्यातील मनोगत, डिसेंबर २०२४)



संयोजकांनी मला ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स आणि आपली मुलं’ असा विषय दिला होता. दोन संध्याकाळी बसून पाहिलं, काही जमेना. तुमच्यातल्या निम्म्या लोकांची मुलं त्यातलं माझ्यापेक्षा जास्त जाणतात. म्हणून मी आज भुताखेतांच्या आणि राक्षसांच्या सिनेमांबद्दल बोलणार आहे. मागच्या बाकावरून ‘हे पाय, सुरू झाली’ असा आवाज आला, तो मी ओळखला.

सिनेमा आणि आमचं सॉफ्टवेअर, दोन्हींत एक शब्द सारखा आहे, रिलीज. आणि दोन्हीकडे रिलीजची तारीख ही पुढे ढकलायचीच गोष्ट असते. मी वीस वर्षांहून जास्त काळ हेच काम करते आहे. माझ्या हातून ज्या तारखा पुढे गेल्या, त्या मोजल्या तर हजेरीपट भरेल.

मागच्या सप्टेंबरात मुलीने मला ‘तुंबाड’ पाहायला नेलं. सिनेमा २०१८ चा. १२ ऑक्टोबर २०१८ ला तो आला तेव्हा मी ‘पुढच्या आठवड्यात जाऊ’ म्हणाले आणि तोवर तो थिएटरातून गेला. १३ सप्टेंबर २०२४ ला तो पुन्हा लावला आणि पहिल्या वेळी जेवढा चालला नव्हता त्याहून जास्त चालला. पहिल्या वेळची सगळी कमाई या दुसऱ्या खेपेने मागे टाकली. सहा वर्षं जुना, टीव्हीवर आणि मोबाइलवर सहज मिळणारा सिनेमा, आणि हाउसफुल्ल!

दिग्दर्शक राही अनिल बर्वे. ‘थँक यू मिस्टर ग्लाड’ लिहिणाऱ्या अनिल बर्व्यांचा मुलगा, आणि आपल्याच वयाचा. आता गंमत ऐका. या सिनेमाचं बी पडलं ते आपल्या विदर्भात. १९९३ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने राहीला नारायण धारपांची एक गोष्ट सांगितली आणि तो जाम घाबरला. पुढे बऱ्याच वर्षांनी त्याने ती गोष्ट स्वतः वाचली, तर तेवढी भीती वाटली नाही म्हणे. पण सांगताना जे वाटलं होतं ते डोक्यातून गेलं नाही. १९९७ च्या सुमाराला, अठराव्या वर्षी त्याने पहिला खर्डा लिहिला. नाव घेतलं श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून, कादंबरीशी बाकी काही संबंध नाही.

तिथून सिनेमा पडद्यावर यायला एकवीस वर्षं लागली. आधी २००८ मध्ये नवाजुद्दीन सिद्दीकीला घेऊन सुरुवात करायचं ठरलं, पण पैसे घालणारे मागे हटले. मग सातशे पानांचा स्टोरीबोर्ड काढला. २०१२ मध्ये सोहम शाहला घेऊन चित्रीकरण झालं. संकलन करून पाहिलं, तर करणाऱ्यांनाच ते पटलं नाही. इथे बहुतेक माणसं काय करतात? ‘चालून जाईल’ म्हणतात. यांनी पटकथा पुन्हा लिहिली आणि पुन्हा चित्रीकरण केलं. ते संपलं मे २०१५ मध्ये. पुढची तीन वर्षं बाकीच्या कामात. त्यात हट्ट असा की पडद्यावर सतत पाऊस हवा, आणि तो खरा, पावसाळी उजेडातला हवा. म्हणून चार पावसाळे थांबले. आपल्याकडे कपाशीसाठी पावसाची वाट पाहतात हे ठाऊक होतं, पण कॅमेऱ्यासाठी कोणी चार पावसाळे थांबेल हे मला पटलं नसतं. पडद्यावर पाहिल्यावर पटलं. पंकज कुमारच्या छायाचित्रणाला फिल्मफेअर मिळालं ते उगाच नाही. (गाव, वाडा, नावं सगळं मराठी आणि भाषा मात्र हिंदी, हे मला अजून खटकतं. असो.)

पुन्हा चित्रीकरण करणं म्हणजे काय, हे आमच्या धंद्यातल्या माणसाला लगेच कळतं. तयार झालेल्या प्रोग्रामचा एक भाग बदलला की त्याला चिकटलेलं सगळं पुन्हा तपासावं लागतं. सिनेमात तर माणसंच बदललेली असतात. वजन वाढतं, केस जातात, लहान मुलं वर्षभरात ओळखू येत नाहीत. हॉलिवूडच्या ‘जस्टिस लीग’मध्ये सुपरमॅनला पुन्हा बोलावलं तेव्हा त्याने दुसऱ्या सिनेमासाठी मिशा ठेवल्या होत्या आणि त्या काढायला परवानगी नव्हती. मग कॉम्प्युटरवर मिशा पुसल्या. २०१७ मध्ये सगळ्या जगाने तो ओठ पाहिला आणि हसून घेतलं.

पण दरवेळी हसं होत नाही. ब्रॅड पिटचा ‘वर्ल्ड वॉर झेड’ २०१२ च्या डिसेंबरात यायचा होता. त्याच्या शेवटी मॉस्कोत एक प्रचंड लढाई होती, चित्रित झालेली. स्टुडिओने पाहिलं, शेवट जमला नाही म्हणून तो सगळा बाजूला ठेवला आणि नवे लेखक बसवले. नवा शेवट लिहिला तो एका प्रयोगशाळेतला, बिनआवाजाचा, दबक्या पावलांचा. जून २०१३ मध्ये सिनेमा आला आणि चालला. त्याच्या दुसऱ्या भागाची मात्र तारीखही जाहीर झाली होती, २०१७ ची. ती गेली, दिग्दर्शक बदलले, आणि २०१९ मध्ये चित्रीकरण सुरू व्हायच्या आधीच तो बंद पडला. दुसऱ्या भागांचं हे असंच असतं. आता ‘तुंबाड २’ची घोषणाही झाली आहे, राही बर्वे त्यात नाहीत, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. मला धाकधूक आहे, तरी पाहायला मी जाणार.

तिसरा प्रकार कोरोनातला. ‘अ क्वाएट प्लेस’चा दुसरा भाग मार्च २०२० मध्ये तयार होता, पहिला खेळही झाला होता. लोकांपुढे आला मे २०२१ मध्ये. ‘गॉडझिला व्हर्सेस काँग’ २०२० चा, आपल्याकडे आला मार्च २०२१ मध्ये. यात कुणाला काही सुधारायचं नव्हतं. तयार सिनेमा डब्यात ठेवला, वर्षाने काढला. गॉडझिला तेवढाच उंच होता.

आता मुद्द्यावर येते. आपलं हे स्नेहमिलन २०२१ मध्ये व्हायचं होतं, पंचवीस वर्षांचं. मे महिन्याची तारीख ठरली होती. त्या मे महिन्यात काय चाललं होतं ते सगळ्यांना माहीत आहे, त्यावर बोलत नाही. ते पुढे ढकललं ते बरोबरच होतं. पण २०२२ च्या दिवाळीत आपण करू शकत होतो. सदतीस जण येणार होते. यादी माझ्याकडे होती. बाहेरदेशी असलेल्या चौघांना रजा मिळत नव्हती, आणि ग्रुपवर मी लिहिलं, “एकदाच होणार आहे, तर सगळे येतील तेव्हाच करू.” मग २०२३ चा फेब्रुवारी ठरला; तेव्हा दोघांच्या मुलांच्या परीक्षा. तेव्हाही पुढे ढकला म्हणणारी मीच. माझी सवयच ती, एक बग उरला तरी रिलीज करायचं नाही.

त्या काळात मराठीच्या बाईंचा मला दोनदा फोन आला होता. “तारीख ठरली का गं? मला आधी सांग, माझं आता गुडघ्यांच्या मर्जीने चालतं.” मी म्हटलं, “बाई, ठरली की पहिला फोन तुम्हाला.” २०२३ च्या पावसाळ्यात बाई गेल्या. तो फोन करायचा राहिला. आज समोरच्या रांगेत जी खुर्ची रिकामी दिसते आहे, ती मी मुद्दाम ठेवायला सांगितली. संयोजकांना वाटलं पाहुणे कमी आले.

बाई ऑफ तासाला काय करायच्या, आठवतं ना? बाहेर पाऊस, पत्र्यावर आवाज, आणि बाई धारपांची गोष्ट सांगायच्या. पुस्तक हातात नसायचं. घंटा झाली की जिथे असतील तिथे थांबायच्या. मधल्या बाकावरून हमखास कुणीतरी ओरडायचं, “अवो बाई, मंग त्या म्हातारीचं काय झालं?” आणि उत्तर ठरलेलं, “उद्या.” दुसऱ्या दिवशी पुष्कळदा त्या आदल्या दिवशीचा तुकडाच बदलून सांगायच्या. एकदा मी उठून म्हटलं, “बाई, काल तर दार आतून बंद होतं.” बाई म्हणाल्या, “काल जमलं नव्हतं. आज उघडं आहे असं धर.” ‘तुंबाड’ पाहताना मध्यंतरात मला तेच आठवलं, आणि मुलगी विचारू लागली की भीती वाटली म्हणून रडतेस का.

दहावीच्या निरोप समारंभाच्या दिवशी बाईंनी विहिरीची गोष्ट सुरू केली होती. आड, त्यात पडलेला पितळी गडू, आणि रोज रात्री कुणीतरी पाणी शेंदतं तो रहाटाचा आवाज. ती अर्धी राहिली. “निकाल लागल्यावर या, पुढचं सांगते,” म्हणाल्या. मी गेले नाही. निकाल लागला, मी नागपूरला गेले, मग पुण्याला. धारपांची पुस्तकं मी नंतर बरीच धुंडाळली, त्यात ती गोष्ट मला सापडली नाही. बहुतेक ती बाईंचीच असावी.

तिसाव्या वर्षाचा कार्यक्रम २०२६ मध्ये आहे. डिसेंबरचा शेवटचा रविवार. यादी पुन्हा माझ्याकडे दिली आहे, आणि त्या दिवशी जेवढे येतील तेवढ्यांत तो होईल. आठ आले तर आठ.

आणि निकालानंतर तुमच्यापैकी कोणी बाईंकडे गेलं असेल, रहाट कोण ओढत होतं हे ज्याला माहीत असेल, त्याने जेवणाच्या वेळी मला गाठा. मी शेवटच्या पंगतीत वाढायला आहे.