कॅमेरा नसलेल्या लढाया

श्रोतेहो, युद्धावरचा माहितीपट म्हटला, की आपल्याला खरी दृश्यं हवी असतात. मग चित्रं काढून, ती हलवून केलेल्या सिनेमाला माहितीपट कसं म्हणायचं? प्रश्न जुना आहे. १९१५ साली जर्मन पाणबुडीने लुसिटानिया जहाज बुडवलं, तेव्हा तिथे कॅमेरा नव्हता. विन्सर मॅके या अमेरिकन व्यंगचित्रकाराने ते बुडणं हजारो चित्रांतून उभं केलं. तो सिनेमा १९१८ साली आला.

पण मनात घडलेलं कसं दाखवणार? इस्रायली दिग्दर्शक आरी फोलमन १९८२च्या लेबनॉन युद्धात सैनिक होते. पुढे त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला त्यातलं काही आठवतच नाही. ते जुन्या सोबत्यांना भेटत गेले, आणि २००८ साली ‘वॉल्ट्झ विथ बशीर’ आला. त्यातल्या एका मित्राच्या स्वप्नात कुत्री येतात. सैन्य गावात शिरताना कुत्री भुंकून लोकांना जागं करत, म्हणून त्यांना गोळ्या घालायचं काम याच्याकडे होतं. किती मारली, ते तो विसरलेला नाही : २६. हे स्वप्न कुठला कॅमेरा टिपणार?

शेवटी मात्र चित्रं थांबतात. साब्रा आणि शातिला छावण्यांतल्या कत्तलीनंतरची खरी दृश्यं येतात, आक्रोश करणाऱ्या बायका दिसतात. मला इथेच खटकतं. सैनिकाच्या स्वप्नाला चित्रकार मिळाला. त्या बायकांना रात्री काय दिसतं, ते कोणी विचारलं नाही.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याचंही असंच. ऑक्टोबर १७२४ मध्ये इथे निजामुल्मुल्क आणि मुबारिजखान यांची लढाई झाली. दोघेही मोगल सरदार, दोघेही मुसलमान, आणि पहिले बाजीराव निजामाच्या बाजूला. (आजच्या घोषणांमध्ये ही लढाई बसवून दाखवा!) मुबारिजखान मारला गेला, हैदराबादच्या आसफजाही सत्तेचा पाया पक्का झाला. विजेत्याने गावाचं नाव फतेहखेर्डा ठेवलं. लोकांनी साखरखेर्डा म्हणणं सोडलं नाही.

या लढाईवर कोणी ॲनिमेशनपट करायचा म्हटला, तर हत्ती आणि तोफा काढणं सोपं आहे, त्यांची वर्णनं मिळतात. पण ऑक्टोबरात आपल्याकडे खरिपाचं पीक उभं असतं. दोन फौजांची घोडी त्यातून गेली असतील, तेव्हा बांधावर कोण उभं होतं? त्यांची नावं कागदावर नाहीत. चित्रकाराने सुरुवात त्या बांधापासून करावी, असं मला वाटतं. आणि गावातली कुत्री भुंकू द्यावीत.