घडीच्या सायकलीचे चाक आणि ब्रेक

देवणीच्या बाजारात जनावर पारखणारा शेतकरी लांबूनच सांगतो, हा वानेरा, हा बालंक्या आणि तो पलीकडचा शेवेरा. जात तिन्हींची देवणीच, पण अंगावरच्या काळ्या-पांढऱ्याची मांडणी निराळी. सायकलच्या चाकांचेही असेच आहे. दुकानात ‘वीस इंची’ म्हणून मागितलेली दोन चाके घरी आणून एकावर एक ठेवा. ती जुळतीलच असे नाही. बैलाची पारख चुकली तर पैसे जातात. चाकाची चुकली तर ब्रेक जातो, आणि तो गेल्याचे बहुधा उतारावरच कळते.

हा विषय मनात आला तो एका गुरुजींमुळे. त्यांची शाळा एस.टी.च्या थांब्यापासून चार किलोमीटर आत. पुण्याच्या एका नातेवाइकाने त्यांना जुनी घडीची सायकल दिली. मधोमध बिजागरी, कळ सोडली की अर्धी होते. कंडक्टरला विचारून एस.टी.त मागच्या बाजूला ठेवता येते. सायकल रॅले कंपनीची, ‘ट्वेंटी’ नावाची. इंग्लंडात ती १९६८ साली निघाली, आणि पुढे तिचा घडीचा प्रकारही आला. (रॅले हे नाव आपल्याकडच्या जुन्या मंडळींना आसनसोलच्या सेन-रॅलेमुळे ठाऊक असते.) घडीची सायकल तशी नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात बी.एस.ए. कंपनीने छत्रीधारी सैनिकांसाठी ती केली होती. पुण्याला विक्रम पेंडसे यांच्या सायकल संग्रहालयात तशी एक आहे. पण तिची चाके मोठीच होती, सांगाडा तेवढा दुमडे. लहान चाकांची घडीची सायकल पुढे घरोघर गेली.

तर गुरुजींचा टायर फाटला. मिळेल तो वीस इंची टायर आणला, तो रिमवर सैल! कारण साधे आहे. पूर्वी चाकाला नाव पडले ते टायरसकट बाहेरच्या उंचीवरून. जाड टायर घालायचा तर आतली रिम लहान हवी, बारीक घालायचा तर मोठी. नाव दोन्हींचे वीस इंचीच राहिले. म्हणून इंच वाचू नका, टायरच्या कडेला छापलेले दुसरे आकडे वाचा. ३७-४५१ असे असेल तर टायरची जाडी ३७ मिलिमीटर, आणि रिमवर टायरची कड जेथे बसते तेथला व्यास ४५१ मिलिमीटर. मुलांच्या सायकलींना सर्रास येतो तो ४७-४०६. या दोन रिमांत ४५ मिलिमीटरचा फरक आहे, कोणत्याही हत्याराने तो मिटणार नाही.

माझे मत विचाराल तर रिम धड असेल तेव्हा चाक बदलूच नये; ४५१ चा टायर टपालाने मागवून घ्यावा. पण गुरुजींच्या रिमा लोखंडी, मुलाम्याच्या आणि गंजलेल्या. अशी रिम पावसात ओली झाली की ब्रेकचे रबर तिच्यावर नुसते सरकते. तेव्हा ॲल्युमिनियमच्या ४०६ च्या रिमा घालायचे ठरले, आणि ते योग्यच होते. मात्र घालायच्या तर दोन्ही. पुढे लहान आणि मागे जुनेच चाक ठेवले तर सायकल नाकावर झुकते, चिमटा अधिक उभा होतो आणि हँडल चंचल होते. उंच आणि बुटका बैल एका जुवाला जुंपल्यासारखेच ते.

आता खरा प्रश्न ब्रेकचा. व्यास ४५ मिलिमीटरने कमी झाला, म्हणजे रिम साडेबावीस मिलिमीटर आत गेली. ब्रेक जागच्या जागी आहे. त्याचे रबर आता कोठे लागणार? टायरला. टायर घासून फाटेल, किंवा कोणी घाईने ते वाकवून खाली आणले तर रबर रिमखाली सरकून तारांत अडकेल. पुढच्या चाकात असे झाले तर माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. म्हणून चाक विकत घेण्याआधी पट्टी घ्या. ब्रेक ज्या बोल्टवर बसतो, तेथून रिमच्या कडेच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजा. समजा ते आधी ५५ मिलिमीटर होते. आता साडेसत्त्याहत्तर होईल. एवढ्या लांब हातांचा चिमट्यासारखा ब्रेक मिळतो, पण त्याचेही एक गणित आहे. वायरीच्या बाजूचा हात तेवढाच राहिला आणि रबराच्या बाजूचा लांबला, तर त्याच मुठीच्या दाबाने रिमवर पडणारा जोर ५५ भागिले साडेसत्त्याहत्तर, म्हणजे सुमारे सत्तर टक्केच उरतो. पहार उलटी धरल्यासारखे होते. तेव्हा लांब हात घ्यायचाच तर दोन खिळ्यांवर फिरणारा, जास्त ताकदीचा प्रकार घ्यावा.

कोणी म्हणेल, दूधवाल्याच्या सायकलीला असतो तसा दांड्यांचा ब्रेक लावा. तो रिमच्या आतल्या अंगाला खालून वर ओढला जातो. त्याची रिमच गोल पाठीची, निराळ्या घडणीची असते. बाजूने दाबणाऱ्या ब्रेकला रिमच्या कडा सपाट लागतात. दोहोंची अदलाबदल होत नाही. तसेच, डोंगरी सायकलींना असणारा उभ्या हातांचा ब्रेक. त्याला चिमट्यावर डाळलेले खुंट लागतात आणि मुठीची दांडीही जास्त वायर ओढणारी लागते. साधी दांडी त्याला लावली तर ती हँडलला टेकते, तरी रबर पुरते दाबत नाही.

मागच्या चाकाला मला हबमधला ड्रम किंवा पट्ट्याचा ब्रेक बरा वाटतो. रिम केवढीही असो, त्याला फरक पडत नाही; उलट चाक लहान तर जमिनीशी जोर जास्तच मिळतो. फक्त त्याचा जो लोखंडी हात असतो तो सांगाड्याला पक्का बांधलेला हवा. सुतळीने बांधलेला मी पाहिला आहे. तो पहिल्या जोराच्या ब्रेकला चाकाबरोबर फिरतो आणि वायर तोडतो.

हब घेताना चिमट्याच्या दोन टोकांमधली आतली रुंदी मोजा. लोखंडी सांगाडा दोन-चार मिलिमीटर फाकवून घेता येतो, ॲल्युमिनियमचा कधीही फाकवू नका. टायरसकट धरले तर चाक ५२५ चे ५०० मिलिमीटर होते, त्यामुळे सायकल साडेबारा मिलिमीटर खाली बसते. वळणावर आतले पायडल वर ठेवायची सवय करा. स्टँडही तेवढा लांब पडतो. कापून घ्यावा, नाहीतर वाऱ्याने सायकल पलीकडे पडते. पायडलच्या एका फेऱ्यात अंतर पाच टक्क्यांनी कमी जाते, ते चढावर गुरुजींच्या फायद्याचेच आहे.

ब्रेकचा जोर कमी होणे म्हणजे काय, ते मुलांना फळ्यावर करून दाखवता येईल. ताशी वीस किलोमीटरने जाणारी सायकल चांगल्या ब्रेकने सुमारे चार मीटरांत थांबते. जोर निम्मा झाला तर आठ मीटर लागतात. उसाची ट्रॉली आडव्या रस्त्याने पुढे आली, तर मधले ते चार मीटर कोठून आणायचे?

सर्व बसवून झाले की सायकल दहा वेळा घडी करा आणि उघडा. बिजागरीपाशी वायर ताणते का, चिमटते का, हँडल दोन्हीकडे पुरते वळवल्यावर ब्रेक आपोआप लागतो का, हे पाहा. चाकाचा आउट काढून घ्या. नव्या तारा आठवड्याभरात सैल पडतात, तेव्हा पुन्हा एकदा. मग उतरून, हाताने ढकलत पुढचा ब्रेक दाबा. मागचे चाक उचलले गेले पाहिजे. मागचा दाबा, चाक घासत गेले पाहिजे. त्यानंतर सपाट रस्ता, आणि दप्तराचे ओझे लादून थोडा उतार. रिमवर तांब्याभर पाणी ओतून एकदा तेच करून पाहा. पहिले आठ दिवस संध्याकाळी रबर रिमवर नेमके कोठे घासले आहे ते पाहावे, आणि नव्या वायरीचा ढिलेपणा स्क्रूने काढून टाकावा.